तोंडात चुका धरून

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'पडद्यामागून पडद्यावर'. छान आहे, पण माझा नाही. मी फोनवर म्हटलं होतं, विंगेत उभं राहून जे शिकलो ते कॅमेऱ्यासमोर कसं उपयोगी पडलं, यावर बोलतो. आयोजक म्हणाले, एवढं पत्रिकेत मावत नाही. तर विषय तोच आहे. पाऊण तास आहे, कॅमेऱ्यापर्यंत तुम्हाला नेऊन सोडतो.

त्याआधी एक तक्रार. मुलाखत घ्यायला कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला, 'तुमच्या स्ट्रगलबद्दल सांगा ना.' विचारणारीनं चेहरा आधीच सुतकी करून ठेवलेला असतो. मी सेटच्या भिंतींचे फ्लॅट उचलले, पडदे ओढले, टेम्पोत सेटवर आडवा होऊन प्रवास केला, म्हणजे माझ्यावर काहीतरी आभाळ कोसळलं होतं! अहो बाई, मी मजेत होतो. आपल्या तात्यासाहेब शिरवाडकरांचा 'नटसम्राट' १९७० साली ज्यांनी उभा केला ते डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर. त्यांच्या डॉक्टरीला कुणी स्ट्रगल म्हणतं का? मग माझ्या हातोडीलाच का? (हशा) हसताय तुम्ही, पण या एका शब्दानं आमच्या शिक्षणाची वर्षं पुसली जातात.

तर हातोडी. मी विशीत होतो. दिवसा इथं नाशकात रविवार कारंज्यापाशी एका दुकानात हिशेब लिहायचो आणि सातनंतर तालमीला. नाटकात माझं काम प्रॉपर्टी म्हणजे रंगमंचावरचं सामान, सेट आणि प्रॉम्प्टिंग, म्हणजे विंगेतून वाक्यं पुरवणं. आमचे मुख्य नट म्हणजे काका. नाव सांगत नाही, घरचे लोक इथं बसलेले असू शकतात. काका देखणे, आवाज असा की शेवटच्या रांगेतला झोपलेला माणूस जागा व्हावा. पण पाठांतर कच्चं, आणि डाव्या कानानं ऐकू येत नसे. हे गुपित फक्त मला ठाऊक. म्हणून मी कायम त्यांच्या उजव्या हाताच्या विंगेत उभा राहायचो. प्रेक्षकांना वाटायचं, काका विचारात पडले की उजवीकडे बघतात, काय अभिनय आहे! ते माझ्याकडे बघत असायचे.

एकदा तालुक्याच्या गावी प्रयोग. रंगमंच एवढासा, उजव्या विंगेत कुणीतरी मंडपाचे बांबू रचून ठेवलेले. सेट उलटा लावावा लागला. स्वयंपाकघराचं दार डावीकडे गेलं आणि त्यामागं मी. दुसऱ्या अंकात भिंतीचा फ्लॅट हलायला लागला, म्हणून एका हातात वही, दुसऱ्यात हातोडी, आणि चुका, म्हणजे बारीक खिळे, दातात धरलेल्या. सुताराची सवय. तेवढ्यात काका अडकले. मी वाक्य दिलं. काही नाही. मोठ्यानं दिलं. पहिल्या रांगेतल्या आजोबांना ऐकू गेलं, ते मान डोलवायला लागले, काकांना नाही. समोर मुलीचं काम करणारी नटी आहे, तिनं 'बाबा, बोला ना' तीनदा म्हणून झालं. चौथ्यांदा ती खरंच रडायच्या बेतात आली.

पाण्याचा तांब्या प्रॉपर्टीच्या टेबलावर होता. तो उचलला आणि गेलो आत. अंगात काळी बनियन, खाली हाफ पँट, कानावर पेन्सिल. म्हटलं, 'मालक, तुमी म्हनत व्हता ना, हे घर इकायचं न्हाई?' पण चुका गालात! काढायला वेळच मिळाला नव्हता. त्यामुळे निघालं ते असं बोबडं की 'घल इकायतं न्हाई'. काकांच्या तोंडात पाठांतराच्या चुका, माझ्या तोंडात लोखंडाच्या. (हशा) काका सावरले. उरलेलं स्वगत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, आणि मी पाच मिनिटं हललो नाही, कारण हललो असतो तर एखादी चूक गिळली असती.

प्रयोग संपल्यावर दिग्दर्शकानं आईबहिणीवरून उद्धार केला. सकाळी मिसळ खाताना गावातली मंडळी येऊन विचारताहेत, 'तो बोबडा गडी कुठला हो? लई नैसर्गिक!' पुढच्या सगळ्या प्रयोगांना गडी कायम झाला. दिग्दर्शक म्हणाला, बोबडं तसंच ठेव. मी म्हटलं, मग चुका लागतील. साईखेडकर नाट्यगृहात स्पर्धेत नाटक झालं तेव्हाही त्या गालातच होत्या. तेवढ्यासाठी प्रॉपर्टीच्या यादीत नोंद होती, 'चुका, पाऊण इंची, तीन.'

चिठ्ठी आलीय. 'पंधरा मिनिटं.' बघा, अजून नाशकातच आहे मी.

बरं, नाशकातच आहे तर साळुंके. दादासाहेब फाळक्यांना १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना, बायका तयार होईनात; मिळाले ते उपाहारगृहाच्या मुदपाकखान्यातले अण्णा साळुंके. त्याच वर्षी फाळके बिऱ्हाड आणि कंपनी घेऊन इथं आले. पुढे 'लंकादहन'मध्ये, १९१७ साली, राम तेच आणि सीताही तेच. मला आवडतं ते यानंतरचं: साळुंके पुढे कॅमेरा चालवायला लागले. समोरून मागे गेले! त्यांच्यासाठी पुढचं-मागचं एकच काम होतं. शांतारामबापूंचं, म्हणजे व्ही. शांतारामांचं, तेच, गंधर्व नाटक मंडळीत उमेदवारी, मग कोल्हापुरात बाबूराव पेंटरांकडे पडेल ते काम, आणि १९२१ला 'सुरेखा हरण'मध्ये पडद्यावर. लक्ष्मीकांत बेर्डे मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करता करता लहानसहान भूमिका करत होते, 'टुरटूर' नाटकानं नाव झालं. हे सविस्तर सांगणार होतो, राहिलं.

आता कॅमेरा, भराभर. एक, जागा. शूटिंगला जमिनीवर चिकटपट्टी लावतात, तिथंच थांबायचं, खाली न बघता. नवे नट चाचपडतात. मी ब्लॅकआऊटमध्ये वीस सेकंदांत खुर्च्या बदललेला माणूस, माझ्या पायांना मोजमाप ठाऊक आहे. दोन, सातत्य. सकाळी घेतलेल्या दृश्याचा उरलेला तुकडा चारला घेतात. कपात चहा किती होता, रुमाल कुठल्या खिशात होता, प्रॉपर्टीवाल्याला विचारावं लागत नाही. तीन, ऐकणं. क्लोजअपमध्ये बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा चेहरा जास्त वेळ दिसतो, आणि विंगेत उभं राहून मी शेकडो प्रयोग नुसते ऐकले. न शोभणारं एकच होतं: आवाज. शेवटच्या रांगेची सवय. छातीवर चिमटीएवढा माइक आणि मी गर्जतोय. ध्वनिवाल्यानं कानातलं यंत्र काढून माझ्याकडे जे बघितलं, ते विसरणार नाही. आवाज खाली आणायला दोन वर्षं गेली.

आणि पडद्यावरचं पहिलं काम? एका मालिकेत सेटवर कपबशा मांडायला गेलो होतो. नायकाला दुसरीकडे जायचं होतं आणि चहा ओततानाच्या हाताचा क्लोजअप राहिलेला. दिग्दर्शकानं आजूबाजूला हात बघितले. माझा पसंत पडला, फक्त अंगठ्याच्या नखाखाली हातोडीचा काळा डाग होता. रंगभूषावाल्या दादांनी पावडर लावून तो झाकला, मी चहा ओतला, एक थेंब बशीत सांडला. परत ओतला. तिसऱ्यांदा 'ओके' म्हणाले. भाग लागला तेव्हा आईला हाक मारली, म्हटलं, बघ, तो हात माझा. ती चष्मा पुसून येईपर्यंत नायकाचा चेहरा आला होता.

हो, हो, थांबतो. पुढच्या वक्त्यांची गाडी खाली आलीय म्हणे.