डेट्रॉइट, १९४९ : कारखान्यातलं मत आणि गल्लीतलं मत

सप्टेंबर १९४९. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या महापौरपदाच्या प्राथमिक फेरीतच विद्यमान महापौर यूजीन व्हॅन ॲन्टवर्प बाद झाले. नोव्हेंबरसाठी दोन नावं उरली : जॉर्ज एडवर्ड्स आणि आल्बर्ट कोबो.

एडवर्ड्स मोटार कामगार युनियनमधून वर आलेले. शहराच्या गृहनिर्माण खात्याचे प्रमुख होते, नंतर नगरपरिषदेचे अध्यक्ष झाले. कोबो शहराचे खजिनदार. मंदीच्या काळात घरपट्टीची थकबाकी सात वर्षांच्या हप्त्यांत फेडायची योजना त्यांनी राबवली. जप्तीतून वाचलेली घरं ही त्यांची खरी पुंजी.

मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नव्हतं, चिन्हही नव्हतं. वर्षभरापूर्वी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत याच शहरानं डेमोक्रॅट ट्रुमन यांना भरभरून मतं दिली होती. पण नुसतं नाव छापलं, की डेमोक्रॅट एडवर्ड्सना त्या लाटेचा आधार उरत नाही आणि रिपब्लिकन कोबोंना तिचा अडसर होत नाही.

युनियन पूर्ण ताकदीनिशी एडवर्ड्स यांच्यामागे उभी राहिली. मात्र तिची पकड कारखान्याच्या फाटकापर्यंत होती. गोऱ्या वस्त्यांत गल्लोगल्ली घरमालकांच्या संघटना होत्या, आणि तिथं विषय एकच : शेजारी कोण येणार? कृष्णवर्णीयांना घर न विकण्याचे करार न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९४८ मध्ये दिला होता. त्या खटल्यांत डेट्रॉइटचंही एक घर होतं. पाठोपाठ जुलै १९४९ मध्ये नवा गृहनिर्माण कायदा आला. सार्वजनिक, म्हणजे सरकारनं बांधून भाड्यानं द्यायच्या घरांसाठी पैसा वॉशिंग्टनचा, पण जागा ठरवायची शहरानं. म्हणजे महापौराच्या सहीला एकाएकी मोल आलं.

शहराच्या कडेच्या मोकळ्या जमिनीवर सार्वजनिक घरं बांधावीत, असं एडवर्ड्स यांचं मत होतं. अशा घरांत कृष्णवर्णीय शेजारी येतील, ही गोऱ्या घरमालकांची भीती. कोबोंनी त्या योजनेला ठाम विरोध केला. कारखान्यात युनियनचा बिल्ला लावणारा गोरा कामगार मतदानाला घरमालक म्हणून गेला. कोबो सुमारे ३ लाख १३ हजार, एडवर्ड्स २ लाख ६ हजार.

पदावर येताच काही आठवड्यांत कोबोंनी सार्वजनिक घरांच्या बारापैकी आठ प्रकल्प नाकारले. दुसरीकडे ब्लॅक बॉटम ही कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती पाडायला सुरुवात झाली. तिथून उठलेल्यांसाठी लागणारी घरं त्या आठ जागांवर झाली असती. पाडलेली जमीन वर्षानुवर्षं ओस पडून राहिली. तिथं इतकं तण माजलं, की लोक तिला ‘रॅगवीड एकर्स’ (रॅगवीड हे एक तण) म्हणू लागले.