मुरुमाखालची माती

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या सोलापुरात 'जुनी मिल' नावाची कापडगिरणी 1877 साली सुरू झाली, आणि पुढं कित्येक पिढ्या भोंग्यावर उठल्या. गिरण्या गेल्या. त्यांच्या आणि रंगखान्यांच्या जागेवर आता प्लॉट पडतायत. वर मुरूम पसरला की जागा स्वच्छ दिसते. पण आज बोलायचंय मुरुमाखालच्या मातीबद्दल.

माझ्या मामानं असाच प्लॉट घेतला, जुन्या रंगखान्याचा. पाया खणताना कमरेइतक्या खोलीवर शाईसारखा काळानिळा थर लागला. रात्री वळीव कोसळला. सकाळी खड्ड्यात साचलेल्या पाण्यात गवंड्यानं थापी धुतली, तर त्याची बोटं निळी! माझ्या वडिलांची उमर गिरणीच्या रंगखात्यात गेली. ते काठी टेकत आले, खड्ड्याशी उकिडवे बसले, चिमूटभर माती चोळून हुंगली. सडक्या अंड्याचा वास. मामा म्हणाला, "दाजी, एवढा थर काढून टाकला की झालं ना?" वडील म्हणाले, "हा गंधकाचा काळा रंग हाय. दिसला म्हणून कळला. ह्याला पक्का करायला आम्ही बायक्रोमेट घालायचो, क्रोमियम धातूचा विषारी क्षार. ते दिसत नसतंय, पाण्याबरोबर खाली जातंय." मामी तर तिथंच बोअर घ्यायची म्हणत होती, दारात मेथी-आळू लावायचं म्हणत होती! काम थांबलं. माती तपासायला दिली. क्रोमियम निघालं.

  

तर, अशी जागा घेताना काय बघायचं? वरची माती तपासून भागत नाही. चारी कोपऱ्यांतून, वरची वेगळी आणि खालची वेगळी, अशी माती तपासा. पुन्हा सांगतो, खालचीसुद्धा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगांतून पाणी खोल जातं. बॉयलरची राख टाकली होती का, तेही विचारा. राखेतही जड धातू असतात. दूषित माती उचलून घातक कचऱ्याच्या अधिकृत ठिकाणीच जायला हवी, ओढ्यात नाही. जुलै 2025 मध्ये केंद्रानं दूषित जागांसाठी वेगळे नियम केलेत. ज्यानं जागा बिघडवली, सफाईचा खर्च त्याच्याकडून घ्यायचा, असं त्यात आहे.

मोहरी पेरून माती साफ करावी म्हणाल, तर ती शिसं हा जड धातू जमिनीतून ओढून घेते, पण त्याला वर्षं लागतात. आणि ती मोहरी खायची नाही, शेळीलाही घालायची नाही.

मामानं थर उपसला, बोअर रद्द केली, नळ घेतला. मामीची मेथी अजून गच्चीवर, शेतातून आणलेल्या मातीत, कुंड्यांतच आहे.