प्रोफेसर केळफा

(काळा पडदा. एक उघडा, रिकामा तळहात. मूठ मिटते.)

साल १९०१. प्रोफेसर केळफा नावाचा एक जादूगार लोकांसमोर प्रयोग करू लागला. नाव ऐकून वाटावं, कुठल्या दूरच्या मुलखातून आलाय. मुलूख म्हणाल तर त्र्यंबकेश्वर. वय तिशीच्या आसपास. आणि नावाचं म्हणाल, तर ते जरा उलटं वाचून बघा.

के, ळ, फा. फा, ळ, के.

धुंडिराज गोविंद फाळके. अजून कुणी त्यांना दादासाहेब म्हणायला लागलं नव्हतं.

(छापखान्यातला खिळा. त्यावरचं उलटं अक्षर जवळून.)

टोपणनावाची ही युक्ती गंमत म्हणून सोडून देता येईल. पण मला त्यात कारागिराचा हात दिसतो. छपाईच्या ब्लॉकवर अक्षर उलटं असावं लागतं, तरच कागदावर ते सुलटं उमटतं. ब्लॉक करायचं काम फाळके रतलामला जाऊन शिकले होते. ज्याच्या डोळ्यांना रोज उलट्या बाजूने बघायची सवय, त्याने स्वतःचं आडनावही तसंच ठेवून पाहिलं असेल, तर नवल काय?

आता एक योगायोग. जॉर्ज मेलिएस हा फ्रेंच माणूस फाळक्यांपेक्षा आठेक वर्षांनी मोठा. पॅरिसमधलं जादूच्या प्रयोगांचं एक थिएटर त्याने १८८८ साली विकत घेतलं होतं. पुढे तो जगभर ओळखला गेला सिनेमातल्या चमत्कारांसाठी. पण त्याआधी तो एका वृत्तपत्रात व्यंगचित्रं काढायचा आणि खाली सही करायचा 'जिओ स्माइल'. तीही आडनावाचीच अक्षरं फिरवून केलेली! मेलिएस आणि फाळके, दोघं चित्रकार, दोघं जादूगार, दोघांनी नावं फिरवली, आणि दोघांची शेवटी एकाच यंत्राशी गाठ पडली. मला विचाराल तर पहिले तीन योगायोग आहेत, चौथा नाही.

(जे. जे. स्कूलची इमारत. मग बडोद्याचं कलाभवन.)

१८८५ साली पंधरा वर्षांचा धुंडिराज मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. तिथून बडोद्याला, कलाभवनात. तैलरंग, जलरंग, फोटोग्राफी असं मिळेल ते शिकणं चाललं होतं. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात एका आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती केल्याबद्दल त्यांना सुवर्णपदक मिळालं. हे पदक मला फार बोलकं वाटतं. चित्र काढणाऱ्या मुलाने अख्खं थिएटर छोटं करून टेबलावर मांडलं होतं.

मग गोध्र्याला फोटो स्टुडिओ. तिथे प्लेगने पहिली पत्नी आणि मूल नेलं. बडोद्याला परतून पुन्हा फोटोचा धंदा मांडला, तर लोक कॅमेऱ्यासमोर बसेनात. फोटो काढला की अंगातली शक्ती ओढली जाते, आयुष्य कमी होतं, असा समज. स्टुडिओ बसला. फाळके नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले. याच सुमारास बडोद्यात आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून ते हातचलाखी शिकले, आणि केळफा जन्माला आला.

तेव्हा फाळके हौसेनं जादूकडे वळले असं कुणी सांगितलं, तर जरा थांबून ऐकावं. हौस होतीच. पण धंदाही बुडालेला होता. कॅमेऱ्याला काळी जादू समजून लोकांनी पाठ फिरवली, तर त्यांनी सरळ जादूचीच पाटी लावली!

पुढची दहा वर्षं भराभर सांगतो. पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन. मग ती नोकरी सोडून लोणावळ्याला छापखाना. राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या छपाईचं काम. मग दादर. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीची वारी. आणि भागीदारांशी बिनसल्यावर त्या छापखान्यालाही रामराम.

(गिरगाव. आजची गर्दी.)

१९११ चा एप्रिल महिना. गिरगावातल्या तंबूत फाळक्यांनी येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला, आणि त्यांना पडद्यावर कृष्ण दिसू लागला. ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. कमी सांगितली जाते ती नंतरच्या महिन्यांची गोष्ट. मिळेल तो चित्रपट पाहायचा, घरी येऊन त्यावर डोकं चालवायचं, झोप नाही. डोळ्यांवर इतका ताण आला की दिसेनासं झालं. उपचारांनी नजर परत आली, आणि ते पुन्हा थिएटरात जाऊन बसले.

१९१२ च्या फेब्रुवारीत विम्यावर कर्ज काढून लंडन. तिथे विल्यमसन कॅमेरा घेतला, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेतलं, इंग्लिश चित्रपटकार सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत काम पाहिलं आणि एप्रिलमध्ये दादरला परत. सामान आलं, पण चित्रपटाला पैसा कोण देणार? हिंदुस्थानात बसून कुणी असं काही करू शकतो, हेच लोकांना पटत नव्हतं.

(एक कुंडी. ओली माती.)

फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले. समोर कॅमेरा रोवला. दररोज थोडं थोडं चित्रण, असं महिनाभर. मग ते सगळं जोडून पडद्यावर लावलं. माती फुटली, कोंब वर आला, पानं सुटली, वेल झाली. सगळं मिनिटभरात. 'अंकुराची वाढ' हे त्या छोट्या पटाचं नाव. तो पाहून पैसे देणारे पुढे आले. छायाचित्रणाच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी त्यांतलेच.

इथे मला गारुड्याचा आंब्याचा खेळ आठवतो. चौकात गारुडी मातीत कोय पुरायचा, वर टोपली घालायचा, डमरू, बडबड, टोपली उचलली की कोंब. पुन्हा टोपली, पुन्हा बडबड, की रोप. शेवटी कैरी लागलेली फांदी. फिरंगी प्रवाशांनी ज्याची वर्णनं लिहून ठेवली, तो हाच खेळ. त्यातलं मर्म सगळं टोपलीखाली.

केळफांना हा खेळ माहीत नसणं अवघड. मग त्यांनी केलं काय? टोपलीच काढून टाकली. रोप खरंच वाढलं, सगळ्यांदेखत वाढलं, एक पानही खोटं नव्हतं. लपवला तो फक्त मधला वेळ.

(दादरचा रस्ता. मग स्वयंपाकघर, लाल उजेड.)

'राजा हरिश्चंद्र' या फाळक्यांच्या पहिल्या मोठ्या चित्रपटाची फिल्म दादरच्या घरातच तयार होत होती. कोरी फिल्म यायची ती भोकं न पाडलेली. अंधारात बसून तिच्या कडांना भोकं पाडायची, ती धुवायची, वाळवायची. या कामात त्यांची दुसरी पत्नी सरस्वतीबाई होत्या. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक उरकायचा आणि मग रात्री फिल्म. चित्रण चालू असताना उजेड परतवायला पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभं राहायचं तेही त्याच. जादूच्या खेळात जादूगाराच्या बाजूला एक बाई उभी असते, तिच्याकडे कुणाचं लक्ष जाऊ नये अशी सगळी मांडणी असते. इथे तर ती मंचावरही नव्हती. कॅमेऱ्याचं हँडल फिरवायला त्र्यंबक तेलंग होते, आणि श्रेयनामावली सोडा, कित्येकांची नावंही आपल्यापर्यंत आलेली नाहीत.

आता हँडल जवळून बघू.

(हाताने फिरवायचा कॅमेरा. हँडलवर बोटं.)

त्या काळच्या बहुतेक कॅमेऱ्यांत हँडलच्या एका फेऱ्याला आठ चित्रं पडायची. सेकंदाला साधारण दोन फेरे. मोटर नाही, घड्याळ नाही, चालवणाऱ्याचा हात हेच घड्याळ. समजा ऋषींसमोर देव प्रकट व्हायचाय. ऋषी जागेवर. एक, दोन, तीन, फेरे मोजत चित्रण चालू. "थांबा!" हँडल थांबतं. ऋषीने हात वर केला असेल तर तो तसाच वर ठेवायचा, खाज आली तरी. देवाचा नट पळत येऊन ठरल्या जागी उभा राहतो. हँडल पुन्हा सुरू. पडद्यावर देव क्षणात अवतरतो.

हे सोपं. अवघड ते एकाच फिल्मवर दोनदा चित्रण. आधी एक दृश्य घ्यायचं, भिंगावर टोपण घालायचं, मग मोजून तितकेच फेरे उलटे फिरवायचे. पुन्हा उलटं! आता काळ्या कापडासमोर दुसरं दृश्य, त्याच फिल्मवर. काळं तेवढं उमटत नाही, बाकीचं पहिल्या दृश्यावर येऊन बसतं. मोजणीत चार फेरे चुकले की ज्वाळा नको तिथे पेटतात आणि देव खांबात उगवतो. आणि चूक कळणार कधी? रात्री फिल्म धुतल्यावर. तोवर नट घरी गेलेले, ऊन गेलेलं. 'हरिश्चंद्रा'त ज्वाळांमध्ये अडकलेल्या स्त्रिया दिसतात, तेव्हा मला त्या ज्वाळांमागे कुणाचे तरी पुटपुटणारे ओठ ऐकू येतात. सतरा, अठरा, एकोणीस.

३ मे १९१३. गिरगावातलं कोरोनेशन थिएटर. पहिला जाहीर खेळ.

(जुन्या जाहिरातीची नक्कल.)

चित्रपट दुसऱ्या गावी गेला की मात्र पंचाईत. लोकांना दोन आण्यांत सहा-सहा तासांचं नाटक बघायची सवय. तीन आण्यांत तास-दीड तासाचं मुकं चित्र कोण बघणार? तेव्हा फाळक्यांनी जी जाहिरात काढली असं सांगतात, तिचा मथळा असा: सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत!

मी हिशोब करून पाहिला. 'हरिश्चंद्र' साधारण ३,७०० फुटांचा. एका फुटात सोळा चित्रं बसतात. म्हणजे ५९ हजारांच्या घरात. छायाचित्रांचा आकडा चोख, उलट थोडा कमीच. पण दोन मैल? ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलसुद्धा नाही. सत्तावन्न हजारांचा आकडा फाळक्यांचा, दोन मैल केळफांचे.

पुढच्या चित्रपटांत चमत्कारांची मागणी वाढत गेली. १९१७ च्या 'लंकादहना'त हनुमान उड्डाण करतो. त्याच चित्रपटात अण्णा साळुंके हे नट राम आहेत आणि सीताही साळुंकेच. त्यासाठी कॅमेऱ्याची करामत लागली नाही, कपडे आणि चाल पुरली. पुढच्या वर्षीच्या 'श्रीकृष्णजन्मा'त कंसाचं मुंडकं धडावेगळं होऊन वर तरंगतं. बाकी आगपेटीच्या काड्या स्वतःहून सरकत आकार घेतात, असा 'आगकाड्यांची मौज' नावाचा एक छोटा पट फाळक्यांनी केला. एक-एक काडी बोटाने हलवायची, एक चित्र, पुन्हा हलवायची. आणि हो, केळफाही परतले. आपलेच हातचलाखीचे खेळ त्यांनी कॅमेऱ्यासमोर करून दाखवले.

राहिलं लेखन. मूकपटात लिहायला जागा ती मधल्या पाट्यांवर. तीही दोन ओळींची, आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी शेजारचा मोठ्याने वाचणार. पण फाळक्यांचा हात लेखणीवरही चालायचा. १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात त्यांनी 'भारतीय चित्रपट' ही लेखमाला लिहिली. गिरगावातल्या त्या तंबूपासून पुढचं बरंचसं आज आपल्याला माहीत आहे, ते यामुळे. पुढे भागीदारांशी वाद होऊन ते काशीला गेले आणि तिथे 'रंगभूमी' हे नाटक लिहिलं. विषय: नाटकवाले आणि त्यांचा धंदा. नाटक फारसं चाललं नाही. मला ते आश्चर्याचं वाटत नाही. हा माणूस दाखवून सांगणारा. लेखांत तो स्वतःची धडपड दाखवतो, म्हणून ते वाचवतात. नाटकात दुसऱ्यांना बोलायला लावायचं असतं, तिथे हातचलाखीचा उपयोग कमी.

(एका जुन्या पटाचा तुकडा. फाळके कामात.)

जादूगारांचा एक अलिखित नियम आहे: गुपित सांगायचं नाही. फाळक्यांनी तो उघड उघड मोडला. चित्रपट कसा तयार होतो, हाच विषय घेऊन त्यांनी १९१७ मध्ये एक पट केला. त्यात ते स्वतःच नटांना सूचना देताना दिसतात, फिल्म हातात घेऊन न्याहाळताना दिसतात. केळफा मेला असता तर हे समजण्यासारखं होतं. पण देव प्रकट करायचं काम दुसऱ्या हाताने चालूच होतं.

'कालियामर्दन', १९१९. कृष्ण झाली आहे फाळक्यांचीच मुलगी, मंदाकिनी. वय सातेक वर्षांचं. गोष्ट सुरू होण्याआधी पडद्यावर फक्त तिचा चेहरा येतो. कृष्णाचा नाही, एका मुलीचा. ती हसते. रुसते. डोळे मोठे करते. रडवेली होते. पुन्हा हसते. प्रेक्षकाला पुरेसा वेळ दिला जातो, की बघा, ही एक मुलगी आहे, बाकी काही नाही.

(मंदाकिनीचा चेहरा. तिच्या जागी मुकुट घातलेला कृष्ण.)

आणि मग ती यमुनेत उडी मारते.