बाई वर्गात नाहीत

(दृश्य: सदाशिव पेठ. शनिवार, रात्रीचे साडेआठ. जुन्या वाड्याचा लाकडी जिना. दारात चपलांचा ढीग.)

दर शनिवारी या दारात चपला वाढायला लागल्या की खालच्या आजी ओळखतात, वरची मंडळी जमली. वर पाच जण सतरंजीवर बसलेत. मध्ये कॅरमचा बोर्ड आहे, पण कॅरम कुणी खेळत नाहीये. सोंगट्यांची माणसं झालीयत. काळ्या सोंगट्या म्हणजे सरदार घराणी, पांढऱ्या म्हणजे त्यांचे गुलाम. आणि मधोमध, एरवी जिथं क्वीन असते तिथं, तुळशीबागेतून आणलेला रबराचा कोळी. त्याचा एक पाय तुटलाय.

या बाई.

खरं नाव लॉल्थ. डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळातली कोळ्यांची देवता. पण मराठीत ‘कोळ्यांची राणी’ म्हणून बघा. लगेच समोर वेसावा उभा राहतो, नऊवारी, डोक्यावर पाटी, आणि भीती होती तेवढी पळून जाते. म्हणून या टोळक्यानं तिला ‘बाई’ म्हणायला सुरुवात केली. शाळेतल्या असतात तशा बाई. नाव चिकटलं.

खेळ ठाऊक नसेल त्यांच्यासाठी दोन वाक्यं. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो आणला. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि घोडं अडलं की वीस बाजूंचा फासा टाकतात. बास. उरलेलं बघता बघता कळेल.

इथली डीएम दिवसा एका पतसंस्थेत हिशेब तपासते. समोर जुन्या दिनदर्शिकेचा पुठ्ठा उभा करून त्याच्या आड बसते. पुठ्ठ्यामागे ती काय करते, हे पलीकडच्या चौघांना दिसत नाही. आपल्या कॅमेऱ्याला दिसतं. त्याकडे नंतर येऊ.

(दृश्य: जुन्या पुस्तिकेची पानं. कोळ्याचं रेखाचित्र.)

लॉल्थ पहिल्यांदा अवतरली १९७८ साली, गायगॅक्सच्याच एका मोहिमेच्या पुस्तिकेत. तेव्हा ती मोठीशी देवीही नव्हती. राक्षसांची राणी होती. रूपं दोन: एक प्रचंड कोळी, नाहीतर देखणी, सावळी, टोकदार कानांची बाई. तिचा जीव किती, तर ६६ गुण. कसलेल्या खेळाडूंनी ठरवलं तर एका संध्याकाळी तिचा निकाल लागेल, एवढाच. तिचं घर अ‍ॅबिस नावाच्या पाताळात, तिथल्या सहासष्टाव्या थरावर. सगळीकडे जाळ्यांच्या वाटा, एकमेकींवरून गेलेल्या.

पुढे तिला पूर्वायुष्य मिळालं. ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एल्फ म्हणजे या खेळातले टोकदार कानांचे, परीकथेतले लोक. त्यांचा मुख्य देव कोरेलॉन. त्याची ही बायको. नाव अरॉश्नी. काम विणकामाचं. हातमागावरची देवता म्हणा ना. या बाईनं नवऱ्याच्या शत्रूशी, ऑर्क या राक्षसी, लढाऊ लोकांच्या देवाशी, आतून संधान बांधलं आणि नवऱ्याला मारण्याचा घाट घातला. बेत फसला. कोरेलॉननं तिला कोळ्याचं रूप देऊन पाताळात लोटलं. मुलगा व्हेरॉन कटात सामील होता, त्यालाही हाकललं. मुलगी आयलिस्त्री निर्दोष होती, तरी ती आपण होऊन वनवासाला निघाली, कारण पुढं अंधारात पडणाऱ्या लोकांना कुणीतरी उजेड दाखवायला हवा.

ते अंधारातले लोक म्हणजे ड्राउ, जमिनीखाली राहणारे काळे एल्फ. ‘ड्राउ’ म्हणायचं की ‘ड्रो’? दोन्ही चालतं. तरी या खोलीत त्यावर दोन तट आहेत आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं. पुणं आहे.

(दृश्य: डीएमची वही. पेन्सिलीनं काढलेला भुयारांचा नकाशा.)

ड्राउंची सगळ्यांत गाजलेली नगरी मेंझोबेरॅन्झन. जमिनीच्या पोटात, एका अवाढव्य गुहेत. सूर्य नाही, म्हणून घड्याळ वेगळं: नार्बोंडेल नावाचा दगडी खांब आहे, तो रोज मंत्रानं तापवायचा आणि उष्णता किती वर चढली यावरून किती वाजले ते ओळखायचं. आमच्या डीएमनं ही नगरी रेखाटताना पुण्याखालचं पुणं डोळ्यांसमोर ठेवलं. पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणणारा दगडी नळ, त्याचे उच्छ्वास, वाड्यावाड्यांतले हौद. नकाशात एका कोपऱ्यात मेट्रोसुद्धा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट भुयारी मार्ग सुरू झाला, त्या आठवड्यात तिनं नगरीला एक नवा दरवाजा काढला.

या नगरीवर राज्य बायकांचं. आठ घराण्यांच्या आठ मुख्य स्त्रिया, सगळ्या लॉल्थच्या पुजारणी, मिळून कारभार करतात. घराण्यांना क्रमांक असतात. वर सरकायचं असेल तर वरचं घराणं कापून काढायचं. याला मनाई नाही. फक्त एक कायदा आहे, आणि तो नीट ऐका: हल्ला झालेल्या घराण्यातला एकही सरदार तक्रार करायला उरला नाही, तर गुन्हा झालाच नाही. एक जरी उरला आणि त्यानं बोट दाखवलं, तर मारणारं अख्खं घराणं खलास. सगळं शहर जाणतं कोणी केलं. पण बघितलं कोणी? कोणीच नाही.

शिवाय तिसरा मुलगा जन्मला की तो लॉल्थला बळी द्यायचा. ड्रिझ्ट नावाचा ड्राउ या विश्वाचा सगळ्यांत लाडका नायक. तो जन्मला तिसरा. सुरी तयार होती. पण त्याच रात्री त्याचं घराणं दुसऱ्या घराण्यावर हल्ला करत होतं, आणि त्या गोंधळात मधल्या भावानं थोरल्याला मागून मारलं. तिसरा क्षणात दुसरा झाला आणि वाचला. आईला कळलं, ती रागावली का? छे. हे बाईंना आवडेल असंच झालं होतं. निदान तिला तसं वाटलं.

‘तसं वाटलं’ याच्यावर हे अख्खं शहर उभं आहे.

(दृश्य: कोल्हापूर, नवरात्र. अंबाबाईच्या पूजेची छायाचित्रं.)

देवांनी रूप बदलणं आपल्याला नवं नाही. विष्णूची मोहिनी होते, नवरात्रात अंबाबाईची पूजा रोज वेगळ्या रूपात बांधतात. पण रूप कुठलंही असो, आई ओळखू येते. अडलंच तर कौल लावायचा. फूल उजवं पडलं की डावं, एवढं तरी पदरात पडतं. लॉल्थच्या दरबारात कौल नाही. तिच्या दासी असतात, योक्लोल. त्या वितळलेल्या मेणाच्या ढिगासारख्या येतील, एक लाल डोळा असलेल्या. नाहीतर सुंदर ड्राउ होऊन तुमच्या शेजारी जेवायला बसतील, नाहीतर कोळी होऊन आढ्याला लटकतील. म्हणून ड्राउंच्या राज्यात कोळी मारला तर देहदंड. कोणता कोळी नुसता कोळी आहे, सांगता येत नाही.

ड्रायडरचं बघा. कमरेच्या वर ड्राउ, खाली कोळी. सुरुवातीच्या नियमांत ही शिक्षा होती: बाईंच्या परीक्षेत नापास झालात की हे रूप. २००८ साली खेळाची चौथी आवृत्ती आली आणि तेच रूप बक्षीस झालं, पास होणाऱ्यांना मिळायला लागलं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पुन्हा शिक्षा. आता हे खेळ लिहिणाऱ्यांनी मत बदललं म्हणून झालं, मान्य. पण बाईंच्या स्वभावाला इतकं शोभणारं दुसरं काही त्यांना ठरवूनही सुचलं नसतं. कात्रजचा घाट दाखवणं म्हणतात ते हेच. मशाली एका बाजूला, बाई दुसऱ्या.

(दृश्य: वेताळ टेकडी. सकाळ. दव.)

थोडं बाहेर येऊ. पावसाळा सरता सरता वेताळ टेकडीवर झुडपांमध्ये सिग्नेचर कोळी दिसतो. हिचं जाळं गोल. मधोमध पांढऱ्या रेशमाची नागमोडी रेघ, सही केल्यासारखी. ती उलटी, डोकं खाली करून बसते. आठ पाय जोडीजोडीनं धरलेले, म्हणून लांबून फुलीसारखी दिसते. नर शेजारीच असतो, तिच्यापुढे अगदी किरकोळ, आणि कधी कधी तिचाच घास होतो.

जवळ जाऊ. गवताची काडी जाळ्याच्या कडेला टेकवली. ती हलली नाही, पण एक पाय ताणला गेला. हिला डोळ्यांनी फारसं दिसत नाही. काय अडकलं, किती मोठं, किती घाबरलंय, सगळं तिला धाग्याच्या थरथरीतून कळतं. धडपड जितकी जास्त, तितकं लवकर. काडी स्थिर ठेवली. पाय सैल पडला.

(दृश्य: पुन्हा खोली. पुठ्ठ्यामागून.)

आता पुठ्ठ्यामागचं. डीएम मधूनच फासा टाकते, आकडा बघते, वहीत काहीतरी टिपते. पुढं बसलेल्या मुलाला म्हणते, “बाईंनी तुझ्याकडे बघितलं. रोल कर.”

“कशासाठी?”

“रोल कर रे.”

त्यानं टाकला. सात.

“बरं,” ती म्हणाली, आणि वहीत लिहिलं. मुलगा तिसरा पुत्र खेळतोय. त्यानं शेजारणीकडे बघितलं, तिनं नजर चुकवली. पुढचा अर्धा तास तो कुणालाही पाठ दाखवेल अशा जागी आपली सोंगटी ठेवत नव्हता.

आपण वही बघितली. तिथं लिहिलंय: ‘दूध, कोथिंबीर, वीजबिल.’

या कॅम्पेनचा, म्हणजे दर शनिवारी पुढं सरकणाऱ्या गोष्टीचा, गाभा मात्र एका जुन्या घटनेवर बेतलाय. या विश्वाच्या कालगणनेत १३७२ साली लॉल्थ गप्प झाली. पुजारणींच्या प्रार्थनेला उत्तर येईना, मंत्र चालेनात. त्यांची सगळी सत्ता त्या मंत्रांवर. आणि जिला विचारायचं तीच नाही. मग त्यांनी काय केलं? लपवलं. पुरुषांपासून, गुलामांपासून, एकमेकींपासून. सर्पमुखी चाबूक हातात तसेच, चेहऱ्यावर माज तसाच. लॉल्थ नसताना लॉल्थचं राज्य त्यांनी स्वतःच चालवलं, आणि असताना चालवत होत्या त्यापेक्षा कडक.

शाळेत बाई वर्गाबाहेर गेल्या की काय व्हायचं, आठवा. मॉनिटर उठायचा आणि फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावं लिहायचा. बाईंनी सांगितलेलं असो वा नसो. एखाद्या नावापुढं फुली, दुसऱ्यांदा बोलला तर दुसरी फुली. बाई असत्या तर थोडंफार चाललंही असतं. मॉनिटरपुढे नाही. माझ्या मते लॉल्थचं सगळ्यांत भयंकर रूप कोळ्याचं नाही आणि त्या सुंदर स्त्रीचंही नाही. रिकामी खुर्ची हे आहे.

या खोलीतही तेच झालं. पुजारीण खेळणारी मुलगी तीन शनिवार मंत्र फसल्याचं लपवत होती. “आज नको, बाईंची इच्छा नाही,” असं म्हणून वेळ मारून न्यायची. चौथ्या शनिवारी तिनं दुसऱ्या एका सोंगटीला ‘बाईंच्या आज्ञेवरून’ कोठडीत टाकलं. आज्ञा आलीच नव्हती. डीएमनं विचारलं, “नक्की?” ती म्हणाली, “हो, मला आतून वाटलं.” ते म्हणताना ती हसत नव्हती. मी तीनदा फुटेज बघितलं.

जाता जाता एक गोष्ट, कारण ती टाळणं बरं नाही. काळ्या कातडीचे म्हणून दुष्ट, असं ड्राउंचं चित्र अनेक वर्षं चाललं आणि त्यावर टीकाही झाली. २०२० साली खेळाच्या कंपनीनं जाहीर केलं की ड्राउंना जन्मतः वाईट म्हणून रंगवणं बंद करू. पुढच्या वर्षी लॉल्थशी संबंध नसलेल्या ड्राउ वसाहतीही गोष्टीत आल्या. २०२३ च्या बॉल्डर्स गेटच्या तिसऱ्या व्हिडिओ गेममध्येही पात्र निवडताना लॉल्थला वाहिलेला ड्राउ व्हायचं की दुसरा, हे तुम्हीच ठरवता. लग्नाच्या जाहिरातीत अजून ‘गोरी’ छापणाऱ्या आपण यावर फार बोलू नये.

(दृश्य: रविवार सकाळ. तोच जिना. घटस्थापना चार दिवसांवर.)

खालच्या आजींनी लांब काठीला झाडू बांधलाय. नवरात्राआधीची जळमटं. तिसरा पुत्र रात्री विसरलेला चार्जर न्यायला आलाय, आणि वळणावर थांबलाय. कोपऱ्यात मोठं जाळं आहे, मधे एक कोळी.

“आजी, राहू दे ना तेवढं.”

“का रे? घट बसायचेत. सरक.”

झाडू फिरला. कोळी खाली पडला, दोन पायऱ्या धावला, आणि आजींची चप्पल त्याच्यावर आली. मुलगा भिंतीला टेकला. आधी वर बघितलं, मग खाली दाराकडे, मग आमच्या कॅमेऱ्याकडे.

“हे चालू होतं का?”