तीन मीटर दोऱ्यातली सूर्यमाला

नमस्कार मंडळी. वहीत चिठ्ठी येते, सूर्यमालेचं मॉडेल करून आणणे, आणि रात्री घरभर थर्माकोलचा भुगा होतो, हे बऱ्याच घरांत होत असणार. आमच्याकडेही झालं. आठही गोळे जवळपास एकाच मापाचे, तारेवर सारख्या अंतरावर लावलेले, दिसायला एकदम मस्त. पण लेकीने विचारलं, गुरू सगळ्यात मोठा ना, मग पृथ्वीएवढाच का केला? खरंच, का केला?

खरी अडचण अशी आहे की आकार आणि अंतर दोन्ही एकाच पुठ्ठ्यावर बसतच नाहीत. त्यामुळे माझं म्हणणं, सरळ दोन मॉडेलं करा.

पहिलं आकाराचं. पृथ्वी १ सेंटीमीटरची धरा, मग गुरू ११, शनी साडेनऊ, युरेनस नि नेपच्यून ४-४, शुक्र पृथ्वीपेक्षा किंचित लहान, मंगळ अर्धा आणि बुध त्याहून बारीक मणी. सूर्य मात्र १०९ सेंटीमीटरचा होतो, म्हणजे मीटरपेक्षा मोठा, एवढा गोळा कोण करणार, म्हणून त्याची नुसती कड पिवळ्या कागदाची कापून पुठ्ठ्याच्या बाजूला चिकटवा, त्या वाकाच्या चपटेपणावरूनच मुलांना अंदाज येतो. शनीची कडी गोळ्याला चिकटवू नका हं, मध्ये फट ठेवा, आणि कडीची रुंदी बाहेरून बाहेर २१ सेंटीमीटर तरी हवी, सगळे फार लहान करतात. युरेनसची काडी जवळजवळ आडवी टोचा, तो ९८ अंश कललेला आहे. रंग पोस्टर कलरच घ्या, ऑइल पेंट किंवा स्प्रेने थर्माकोल विरघळतो आणि गुरूला खड्डे पडतात. प्लूटो घेऊ नका, २००६ पासून तो बटुग्रह आहे.

आता दुसरं, माझं आवडतं. फक्त एक दोरा, ३ मीटर. एका टोकाला सूर्य. तिथून ४ सेंटीमीटरवर बुधाची गाठ, ७ वर शुक्र, १० वर पृथ्वी, १५ वर मंगळ. इथपर्यंत सगळी गर्दी. मग एकदम ५२ वर गुरू, ९६ वर शनी, १९२ वर युरेनस आणि ३०० वर, दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, नेपच्यून. गाठी मारताना लेक दोनदा थांबली, म्हणाली, मंगळानंतर काहीच नाही का, मी म्हटलं लघुग्रह आहेत, पण बाकी मोकळंच. आणि या मापात सूर्य केवढा? १ मिलिमीटरपेक्षाही लहान! आपण मारलेली गाठच सूर्यापेक्षा मोठी आहे, पृथ्वी तर डोळ्यांना दिसणारच नाही. हे आम्ही कागदावर मांडून बघितलं तेव्हा दोघंही गप्प झालो.

प्रदर्शनात दोरा टेबलावर पसरून ठेवू नका, दोन मुलांना टोकं धरायला लावा आणि बघायला येणाऱ्याला गाठींवरून बोट फिरवत न्या. कोणी विचारलंच की सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा कुठे लावणार, तर प्रॉक्झिमा सेंटॉरीसाठी हाच दोरा जवळपास २७ किलोमीटर लांब लागेल, असं सांगा.