कोपऱ्यातला केर

आधी नावांचा गोंधळ मिटवू. ‘हंटिंग्टन’ हा मेंदूच्या पेशी मारणारा आनुवंशिक आजार आणि ‘हंटिंग्टिन’ हे त्यात बिघडणारं प्रथिन. बोलण्याच्या भरात माझीही जीभ घसरते, तेव्हा सांभाळून घ्या.

हे प्रथिन तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या पेशींत असतं. तीन हजारांहून जास्त अमिनो आम्लांची लांब माळ, आणि सुरुवातीलाच ग्लुटामाइन नावाचा एकच मणी पुन्हापुन्हा ओळीनं ओवलेला. चौथ्या गुणसूत्रावरच्या जनुकात ‘सीएजी’ ही डीएनएची तीन अक्षरं जितकी जास्त वेळा येतील, तितके हे मणी वाढतात. अक्षरांची पुनरावृत्ती २६ पर्यंत असेल तर चिंता नाही. ४० किंवा त्याहून जास्त असेल, तर माणूस पुरेसं जगल्यास आजार येतोच. आईवडिलांपैकी एकाला असला, की प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी.

हे जनुक १९९३ साली सापडलं. त्याच्या आधी वर्षानुवर्षं व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांनी आपलं रक्त आणि वंशावळी संशोधक नॅन्सी वेक्सलर यांच्या चमूला दिल्या होत्या. नॅन्सीबाईंची आई याच आजारानं गेली होती.

१९९७ मध्ये आजारी उंदरांच्या आणि माणसांच्याही चेतापेशींत या प्रथिनाचे गोळे दिसले. झालं, चोर सापडला! निदान अनेकांना तसं वाटलं. पण २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी एकेका पेशीवर दिवसेंदिवस नजर ठेवली, तेव्हा आत गोळा तयार झालेल्या पेशी बिनगोळ्याच्या पेशींपेक्षा जास्त टिकल्या. आपण केर काढून कोपऱ्यात लोटतो. पाहुण्याला तो ढीग दिसतो आणि घर घाणेरडं वाटतं; प्रत्यक्षात तिथं कुणीतरी नुकताच झाडू मारलेला असतो. पेशीनं मोकळं फिरणारं बिघडलेलं प्रथिन एका जागी गोळा केलेलं असावं. गोळे अगदी निरुपद्रवी आहेत असं मी म्हणत नाही. तो वाद चालूच आहे.

मग जन्मापासून असलेला दोष चाळिशीत का उफाळतो? माझ्या मते गेल्या काही वर्षांतलं सगळ्यांत महत्त्वाचं उत्तर २०२५ मध्ये छापून आलं. मेंदूच्या खोल भागात, स्ट्रायटममध्ये, या ‘सीएजी’च्या पुनरावृत्तींची संख्या आयुष्यभर वाढत राहते. ८० पर्यंत अगदी सावकाश, मग भराभर. साधारण १५० ओलांडेपर्यंत पेशीचं फारसं बिघडत नाही; त्यानंतर ती आपली ओळख विसरते आणि मरते. ही वाढ घडवतात कोण? डीएनएची दुरुस्ती करणारी प्रथिनंच! त्यांतल्या एमएसएच३ ला आवरायचं कसं, यावर आता औषधांची खटपट चालू आहे.

मघाशी एक चिठ्ठी आली, ‘घरात आजार आहे, मी चाचणी करावी का?’ रक्ताची चाचणी आहे, पण ती करायची की नाही हे तुम्हीच, समुपदेशकाशी बोलून, ठरवा. घाई करू नका. माहीत करून न घेणारेही पुष्कळ आहेत, आणि तोही त्यांचा हक्क. नॅन्सीबाईंनी स्वतःला हा आजार असल्याचं जाहीर केलं ते २०२० साली, वयाच्या चौऱ्याहत्तरीत.