मागूर-पंगासला तारले कशाला खायला घालायचे?

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

तर विषय पत्रिकेवर छापलाच आहे, तळ्यात वाढवायच्या मागूर आणि पंगास या माशांच्या खाद्यात फिशमीलऐवजी, म्हणजे मासळी वाळवून दळलेल्या पिठाऐवजी, काय घालता येईल. मागूर म्हणजे आपला देशी मागूर बरं का. थाई मागूरवर २००० सालापासून बंदी आहे, कोणी गुपचूप वाढवत असेल तर त्याने माझं व्याख्यान ऐकण्याआधी तळं रिकामं करावं. (हशा) हसू नका, मी खरंच म्हणतोय.

१ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते, ट्रॉलर निघतात, आपल्या गोव्यातल्या कुटबणच्या जेटीवर तारले, म्हणजे सार्डिन, येतात, आणि भरपूर आले की बाजार उचलत नाही तो माल फिशमीलकडे जातो. एक किलो फिशमीलला साधारण चार-पाच किलो ओली मासळी लागते. आता तारला म्हणजे गोरगरिबांच्या घरातलं हुमण, माशाची आमटी, तो वाळवायचा, दळायचा आणि तळ्यातल्या माशाला घालायचा, हे मला बघवत नाही. चोणकाला फिशमील लागतं हे मान्य, तो शिकारी मासा आहे. पण मागूर आणि पंगास काहीही खातात हो, पेंड खातात, कोंडा खातात, किडे खातात! त्यांच्या पोटी तारले घालायची गरजच काय?

पण ऐवजी काय घालायचं याच्या आधी मला खाद्याच्या गोणीवर बोलायचंय, कारण तिथेच सगळी फसगत होते.

माझ्या आतेभावाचं सत्तरी तालुक्यात छोटं तळं आहे. एका विक्रेत्याने त्याला स्वस्तातलं खाद्य दिलं, गोणीवर ठळक छापलेलं, प्रोटीन ३२ टक्के. पंगासला एवढं पुष्कळ होतं. मासे खात होते, वाढत मात्र नव्हते, डोकं मोठं आणि अंग काटकुळं. मी म्हटलं गोणी खोटी असणार, नमुना तपासायला पाठवला. रिपोर्ट आला, ३१ टक्के! म्हणजे गोणी खरं बोलत होती आणि मासा उपाशी होता.

हे कसं होतं ते नीट ऐका. प्रयोगशाळेत बहुतेक वेळा प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि ६.२५ ने गुणतात. ही पद्धत योहान केल्डाल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत काढली, हो तीच बिअरवाली कार्ल्सबर्ग, त्यांना धान्यातलं प्रोटीन मोजायचं होतं. पद्धत चांगलीच आहे, पण ती नायट्रोजन कुठून आला ते विचारत नाही. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन हे नायट्रोजनवालं रसायन घातलं ते याचसाठी, नायट्रोजन वाढला की कागदावर प्रोटीन वाढतं, आणि लहान लेकरांचे मूत्रपिंड गेले. मेलामाइन सोडा, कोंबडीची पिसं घ्या. पिसांच्या पिठात ८० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन निघतं, पण ते केराटिन, केसा-नखांतलं असतं तसलं कठीण प्रोटीन, दाबाखाली वाफेवर नीट शिजवलं नसेल तर माशाच्या पोटात पचतच नाही, आत गेलं तसं बाहेर. आतेभावाच्या गोणीत नेमकं काय होतं ते विक्रेत्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही, तीन वेळा विचारलं तर म्हणाला कंपनीचं सिक्रेट आहे. अहो, खाद्यावरच शेतकऱ्याचे निम्म्याहून जास्त पैसे जातात आणि त्याला आत काय आहे ते कळू नये? माझा राग अजून गेलेला नाही. गोणीवर लायसिन किती, मेथिओनिन किती, म्हणजे प्रोटीनमधले माशाला लागणारे घटक किती, पचतं किती, हे छापलंच पाहिजे, नुसता प्रोटीनचा आकडा घेऊन करायचं काय?

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, भराभर सांगतो.

सोयाबीन पेंड पहिली, ४४ ते ४८ टक्के प्रोटीन. अमेरिकेत मिसिसिपीत कॅटफिश वाढवतात, त्यांच्या खाद्यात मुख्य सोयाच असतो, फिशमील जवळपास नाहीच, आणि मासा छान वाढतो. अट एवढीच की सोया भाजलेला हवा, कच्च्यात पचन अडवणारं द्रव्य असतं, मेथिओनिन वरून घालायचं आणि फायटेज एन्झाइम घातलं की पेंडीत अडकलेला फॉस्फरस माशाला मिळतो.

शेंगदाण्याची पेंड स्वस्त पडते पण आपल्या पावसाळ्यात बुरशी धरते, अफ्लाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष तयार होतं, त्यामुळे जूननंतर साठवू नका. खोबऱ्याची पेंड घाण्यावर मिळते, प्रोटीन विसेक टक्के, लायसिन कमी, म्हणून थोडीच मिसळा. काजूच्या बोंडांचा चोथा मला दरवर्षी कोणीतरी विचारतं, फेणी काढल्यावर एवढा पडतो, वाया जातो, वाईट वाटतं, पण त्यात प्रोटीन फार कमी, आंबवून थोडं वाढतं, तरी त्यावर मासा उभा राहणार नाही.

आणि माझी लाडकी, ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाची माशी. तिच्या अळ्या वाळवल्या की ४० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन, चरबीही भरपूर, आणि दोन-तीन आठवड्यांत तयार. अळीची पूर्ण वाढलेली माशी झाली तरी ती घरात येऊन अन्नावर बसत नाही, घाबरू नका. अळ्या भाजीबाजारातल्या कचऱ्यावर वाढतात, पण हॉटेलातलं उष्टं देऊ नका, युरोपात २०१७ साली माशांच्या खाद्यात कीटकांना परवानगी मिळाली तेव्हाही अळ्यांना हॉटेलचं उष्टं चालणार नाही असाच नियम ठेवला. लोक विचारणारच, मासा काय खाऊन वाढला, आणि आपल्याला ताठ मानेने उत्तर देता आलं पाहिजे. फक्त सगळं फिशमील एका दिवसात काढू नका, आधी पाव भाग बदला, महिनाभर दर आठवड्याला काही मासे वजन करून वहीत लिहा, मग पुढचं. ज्यांना अळ्या बघायच्यात त्यांनी मागच्या टेबलापाशी या, डबा आणलाय, हात लावला तरी काही करत नाहीत.